सिग्नल मिळाल्यावरून

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उद्यापासून दर मंगळवारी फायर स्टेशनात एक काउन्सेलर मॅडम येणार. सहा आठवडे. कॅनॉलच्या त्या कॉलवर जे नऊ जण होतो, त्यांच्याशी बोलणार. वरून ऑर्डर आहे. खोली, खुर्च्या, हजेरी माझ्याकडे.

मी उठायला लागलो तर साहेब म्हणाले, "बेसो ने, शितोळे." मग हळूच म्हणाले, की मॅडमचे नियम असतात, त्या काही सांगणार नाहीत. तुम्ही सब-ऑफिसर, वयाने मोठे, पोरं तुमच्यापुढे मोकळी असतात. नजर ठेवा. शेवटी मला एक कागद द्या, कोण ड्यूटीला फिट, कोण अनफिट.

म्हणून ही वही आणली. स्टेशनचं रजिस्टर सत्तावीस वर्षं गुजरातीत लिहितोय. ही घरी ठेवणार, मराठीत.

त्या दिवसाचं एकदा नीट लिहून ठेवतो. २७ जानेवारी, दुपारी साडेचारच्या पुढे. सावली रोडवर एक इको गाडी कॅनॉलमध्ये गेली. आत चौघं. तिघांना गावच्या लोकांनी दोर टाकून काढलं. हेतलबेन म्हणून एक शिक्षिका मागच्या सीटवर होत्या, त्या आत राहिल्या. आम्ही पोचलो तेव्हा गाडी बुडून पंचवीस मिनिटं झाली होती. आमचा डायव्हर धैर्यशील शिर्के सिलिंडर लावून उतरला. दोर माझ्या हातात. आमचा हिशोब साधा आहे: एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सैल सोडा, तीन म्हणजे वर ओढा. तिसऱ्या डुबकीत त्याचा सिग्नल आला, मी वर घेतलं. पाण्याला ओढ फार होती म्हणून परत उतरवला नाही. पाऊण तासाने क्रेनने गाडी निघाली. बाई गेल्या होत्या.

रजिस्टरमध्ये तेच आहे. "डायव्हरचा सिग्नल मिळाल्यावरून १७.२२ वाजता वर घेतले."

सगळं नियमाने झालं. अशी कॅनॉलची कामं वर्षाकाठी कितीतरी होतात. या एकासाठी एवढं काय, ते कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमचं नाव मोहना दिघे. चाळिशीच्या असतील. घडियाळी पोळ म्हणतात त्या जुन्या गल्लीतल्या, स्कूटरवर आल्या. पोरांशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत. पहिलंच वाक्य हे, की या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील.

मी हजेरीचा कागद घेऊन दाराशी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "शितोळेकाका, तुम्हीपण होतात ना कॉलवर? मग खुर्ची आत घ्या की."

म्हटलं, मी व्यवस्थेला आहे.

तासभर कुणी बोललं नाही. लक्ष्मीकांतने विचारलं, चहा मध्ये आहे की शेवटी, त्यावर सगळे हसले. मॅडमही हसल्या. धैर्यशील हसला नाही. उजवा हात डाव्या हाताने धरून बसला होता. नोंद केली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ड्यूटीवरून आल्यावर गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दोर सैल वाटला म्हणून परत बांधला. संयोगिता म्हणाली, "अहो, चौथ्यांदा बांधताय. काय झालंय त्याला?" सैल होता म्हटलं. ती म्हणते नव्हता.

जेवण कमी झालंय असंही म्हणते. वय होतं माणसाचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लक्ष्मीकांत बोलला. विनोदी माणूस, मला वाटलं टिंगल करेल. म्हणाला, बाहेर जेवायला जमत नाही, हाताला कॅनॉलच्या शेवाळाचा वास येतो. दोनदा साबण लावतो तरी येतो. मुलगी जवळ आली की हात मागे घेतो. मग इतर दोघं-तिघं बोलले. एकाला म्हणे गाडीचा सीटबेल्ट लावता येत नाही.

मी कागदावर खुणा करत होतो. मॅडमनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर मला हे पटत नाही. माझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, वडील पोलिसात. कुणी काही बोललं नाही. काम केलं, घरी आले, जेवले, झोपले. आता वास येतो म्हणून मॅडम बोलावतात. पण लक्ष्मीकांत उठला तेव्हा त्याचे खांदे खाली आल्यासारखे दिसले, तेही खरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तरणतलावावर सराव होता. धैर्यशील म्हणाला, कान दुखतोय. मागच्या सरावालाही कानच दुखत होता. त्याच्या आधी ताप होता.

वहीत त्याच्या नावापुढे "अनफिट" लिहिलं आणि प्रश्नचिन्ह टाकलं.

मग जरा थांबलो. तो कराराचा माणूस. एकतीस मार्चला करार संपतो, वाढवायचा की नाही ते साहेब ठरवणार. वय बत्तीस. बायको मृदुला, सातवा महिना. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो, रावपुऱ्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायचे. तो मला ड्यूटीवर साहेब म्हणतो आणि बाहेर काका. पण पाण्यात न उतरणारा डायव्हर ठेवून तरी काय करायचं? कॉलवर एखाद्याचा जीव जाईल. नजर ठेवायला सांगितलंय, ती ठेवतोय. त्यात माझं काही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

डभोईला आक्काकडे जाऊन आलो. संयोगिता बसने चला म्हणत होती, स्टँड जवळ आहे. मी ट्रेननेच गेलो. हल्ली बसमध्ये कोंडल्यासारखं होतं, खिडक्या धड उघडत नाहीत. येताना गाडी तासभर लेट. प्लॅटफॉर्मवर मोकळं बसायला बरं वाटलं.

आक्का म्हणाली, "प्रताप, तू ऐकतोयस ना मी काय बोलत्येय ते?" ऐकत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज धैर्यशील बोलला. जसं बोलला तसं लिहितो.

म्हणाला, तिसऱ्या वेळेला खाली काहीच दिसत नव्हतं, चिखल उठला होता. मागची काच फुटलेली होती, त्यातून हात घातला. आत चाचपडलं. आधी ओढणी लागली, मग हात लागला. हातात बांगडी होती. "मी तो हात धरला, आणि त्या हाताने मला धरलं."

मॅडमनी विचारलं, "मग?"

"मग मी वर होतो. काठावर. मास्क काढत होते माझा."

"मध्ये काय झालं ते आठवतं?"

"नाही आठवत. सिग्नल दिल्याचं आठवत नाही. पण रजिस्टरला लिहिलंय सिग्नल दिला, म्हणजे दिलाच असणार. तीन झटके द्यायला हात मोकळा लागतो, मॅडम. म्हणजे मी तो हात सोडला. सोडला आणि सांगितलं, मला वर घ्या."

तो रडला वगैरे नाही. बेरीज करून दाखवावी तसं बोलला.

मॅडम म्हणाल्या, मरणाच्या भीतीत शरीर काय करतं त्यावर माणसाचा ताबा नसतो. तो म्हणाला, "हो, ते कळलं. पण सोडला ना."

मी हजेरीचा कागद दुमडत बसलो होतो. नंतर बघितलं तर पार बारीक घडी झाली होती, सह्या पुसट झाल्या. दुसरा कागद करावा लागेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. सुरसागर तलावावर बंदोबस्त, पहाटेपासून उभा. गर्दी अमाप. एकही कॉल नाही.

दिवसभर तेच डोक्यात. तीन झटके होते. पहिले दोन तर नक्की. तिसरा बारीक असेल. पाण्याला ओढ असली की झटका वरपर्यंत मऊ होऊन येतो, नवीन माणसाला कळतही नाही. मला कळतो.

१ मार्च, शनिवार

धैर्यशील संध्याकाळी होज पाइप वाळत घालायच्या मनोऱ्याखाली भेटला. कुणी नव्हतं.

"काका, एक विचारू? झटके जोरात होते का हलके?"

"कशाला आता ते?"

"नाही, जोरात असले तर म्हणजे मी घाबरलो होतो. हलके असले तर म्हणजे विचार करून दिले."

मी म्हटलं, "जोरात होते."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

हे मी का म्हणालो? प्रश्नच असा विचारला की काहीतरी उत्तर द्यावंच लागलं. घाबरला होता असं त्याला वाटलं तर निदान मॅडम म्हणतात तसं, ताबा नव्हता असं तरी होईल. त्याच्या बऱ्यासाठीच म्हणालो.

४ मार्च, मंगळवार

सेशन झाल्यावर पोरं गेली, मी खुर्च्या रचत होतो. मॅडम थांबल्या. एक खुर्ची त्यांनीच उचलून रचली.

म्हणाल्या, "काका, आठ जण त्या दिवसाबद्दल बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात दोर आला. दोर ज्यांच्या हातात होता ते मात्र दाराशी बसतात."

म्हटलं, "मी बरा आहे. मला वास येत नाही, काही नाही."

"झोप?"

"लागते."

"किती?"

"लागते तेवढी."

त्यांना स्कूटरपर्यंत गेलो सोडायला. हेल्मेट घालताना म्हणाल्या, त्यांना स्वतःलाही हल्ली महिन्यातून एकदा एका बाईंकडे जाऊन बोलावं लागतं. इतकं ऐकून घरी नेता येत नाही. मला नवल वाटलं. डॉक्टरला डॉक्टर लागतो, त्यातलंच.

दमलेल्या दिसल्या. आज बरं वाटावं असं काहीतरी त्यांना बोलायला हवं होतं.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी कॉल. छाणीच्या पुढे कॅनॉलमध्ये एक माणूस बुडाल्याचा. दोन्ही गाड्या निघाल्या. मी इनचार्ज.

धैर्यशीलने सूट घातला, सिलिंडर लावलं, कडेला बसला. मी दोर त्याच्या कमरेला बांधायला गेलो. तो म्हणाला, "साहेब, दोर लक्ष्मीकांतकडे द्या ना." मी दिला. तरी तो उतरला नाही. पाय पाण्यात सोडून बसला, मग मास्क काढून बाजूला उलटी केली. म्हणाला, एक मिनिट. पाच मिनिटं झाली. काठावर माणसं मोबाइल धरून उभी. कुणीतरी म्हणालं, "आ तो डरी गयो."

शेवटी लक्ष्मीकांत उतरला. त्याचं ट्रेनिंग अर्धं झालंय. दोर मी धरला. तो खाली असेपर्यंत माझ्या हाताला इतका घाम की दोर सरकतोय असं वाटत होतं. दोनदा ओढायला निघालो, दोनदा थांबलो. प्रेत मिळालं. लक्ष्मीकांत नीट वर आला.

साहेबांचा फोन आला, कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. सहा आठवडे थांबायची गरज नाही, म्हणाले. सोमवारी मला शिर्केचं लेखी द्या. करार वाढवायचा प्रश्नच मग येत नाही.

कागद लिहिला. दोन ओळी. खिशात आहे.

९ मार्च, रविवार

संयोगिता देवळात गेली आहे. घरात कुणी नाही.

सिग्नल आला नव्हता.

दुसऱ्या कुणाला नाही तरी या वहीत खरं लिहायला हवं होतं. महिनाभर इथेही फिरवून फिरवून लिहिलं, आत्ता मागची पानं वाचली तेव्हा माझं मलाच दिसलं. सिग्नल आला, मग दोन झटके नक्की, मग तिसरा मऊ. तीन नव्हते, दोन नव्हते, एकही नव्हता. दोर ताणला गेला आणि मग सैल पडला. एवढंच झालं. खाली तो काच ओलांडून पुढे सरकला असेल, म्हणून. पण मला वाटलं, गेला. आणि मी ओढलं. सगळी ताकद लावून ओढलं. तो हात मीच सोडवला.

आणि रजिस्टरला सिग्नल लिहिला, कारण सिग्नलशिवाय ओढलं तर का ते लिहावं लागतं. भीती वाटली असं लिहायला तिथे रकाना नाही.

तो चाळीस दिवस म्हणतोय, मी सोडला. आणि मी त्याला म्हणालो, जोरात होते झटके.

कागद फाडला. उद्या साहेबांना काय सांगायचं माहीत नाही. आधी त्याला सांगायला हवं.

११ मार्च, मंगळवार

काल साहेब सुरतला होते, सुटलो.

आज सेशनच्या आधी धैर्यशीलला गच्चीवर नेलं. बसायला काही नव्हतं, उभ्यानेच बोललो. पाठ करून गेलो होतो, त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, "तू सिग्नल दिला नव्हतास. मी आपणहून ओढलं. रजिस्टरला खोटं लिहिलंय. त्या दिवशी मनोऱ्याखाली सांगितलं तेही खोटं."

त्याने विचारलं, "म्हणजे मी हात सोडला नव्हता?"

"नाही. मी ओढून काढला तुला."

मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तो कठड्याला टेकला आणि म्हणाला, "मृदुला रोज म्हणते, हात ठेव, बघ कसा हलतोय. मी ठेवत नाही. तिला सांगतो, हात खरखरीत आहेत माझे. सहा आठवडे. तुम्ही समोर होता रोज. दाराशी बसून माझं ऐकत होता, काका."

मग त्यानेच पुढे विचारलं.

"ती जिवंत होती का?"

"माहीत नाही."

"मी अजून एक मिनिट असतो तर?"

"माहीत नाही रे. तू पण राहिला असतास कदाचित."

"ते मी ठरवलं असतं," तो म्हणाला आणि खाली गेला.

मला वाटलं घरी जाईल. खाली आलो तर खोलीत होता, खुर्चीवर. सगळे होते. त्याने मॅडमना सांगितलं, "आज काकांना विचारा." एवढंच.

मी दाराशी उभा होतो. लक्ष्मीकांतने सरकून जागा केली. आत जाऊन बसलो आणि सांगितलं. सगळ्यांसमोर. माझा आवाज मला रजिस्टर वाचल्यासारखा ऐकू येत होता. ज्याला सीटबेल्ट लावता येत नाही तो उठून बाहेर गेला, पाच मिनिटांनी परत आला.

मॅडमनी खोटं का लिहिलं असं विचारलं नाही. विचारलं, "ओढलंत तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

पाणी म्हणणार होतो, पण तोंडातून जयवंतराव आलं.

एकोणीस वर्षं झाली. गोरव्याकडे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये दोन मजूर पडले होते. जयवंतराव मोहिते उतरले, मला काम शिकवलेला माणूस. दोर माझ्याकडे. उतरण्याआधी म्हणाले, तीन झटक्यांशिवाय ओढायचं नाही, मी कामाच्या अर्ध्यात असेन. दोर ताणला गेला आणि सैल पडला. मी थांबलो. नियमाने थांबलो. चार मिनिटं सिग्नलची वाट बघत उभा होतो आणि ते खाली गॅसमध्ये पडले होते. त्या दिवशी रजिस्टरला खरं लिहिलं होतं, "सिग्नल मिळाला नाही." कुणी एक शब्द बोललं नाही मला. उलट शाबासकी दिली, शांत डोक्याचा म्हणून.

हे मी संयोगितालाही धड सांगितलेलं नाही.

धैर्यशीलने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही. लक्ष्मीकांतने विचारलं, मॅडम, या दोघांत बरोबर कोण, थांबणारा का ओढणारा? मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. त्या बाई तेव्हा जिवंत होत्या का, तेही मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी काही बोलणार नाही."

घरी आलो. अंग ठणकतंय, दिवसभर पोती उचलल्यासारखं.

१३ मार्च, गुरुवार

आज साहेबांना लेखी दिलं. रजिस्टरमधली नोंद खोटी, सिग्नल नव्हता, माझ्या अंदाजाने ओढलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"शितोळे, कशाला? प्रकरण बंद झालंय. कुणाची तक्रार नाही. चार वर्षं राहिलीत तुमची."

"तो पोरगा स्वतःला गुन्हेगार समजत होता, साहेब."

"मग त्याला सांगितलंत ना? झालं. कागद कशाला?"

"त्याने कागद वाचूनच तसं मानलं होतं."

साहेब वाईट माणूस नाहीत. कागद ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाले, मग ठेवला नाही, शिपायाला बोलावून आवक नंबर टाकायला सांगितला. म्हणाले, चौकशी लागेल. आणि शिर्केचं फिट-अनफिटचं काय?

म्हटलं, "ते मी देणार नाही. मॅडमनी खोलीत शब्द दिलाय. मी त्या खोलीत बसलो होतो."

"पण त्या दिवशी तो उतरला नाही, हे तर सगळ्यांनी बघितलं."

"हो. का उतरला नाही त्याचं कारण तुमच्या हातातल्या कागदावर आहे."

आज होळी. आमच्या पोळाच्या तोंडाशी गोवऱ्या रचल्या होत्या. संयोगिता नारळ घेऊन गेली, मी बरोबर गेलो. परत येताना तिला सांगितलं. गच्चीवरचं, रजिस्टरचं, जयवंतरावांचं. ती चालता चालता थांबली नाही. घरापाशी आल्यावर म्हणाली, "एकोणीस वर्षं तुम्ही त्या गोरव्याच्या रस्त्याने गाडी नेत नाही. मला वाटायचं, ट्रॅफिकमुळे."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली.

पंधरा दिवस लिहिलं नाही. चौकशी चालू आहे. दोन अधिकारी आले, नीट बोलले. निकाल लागेपर्यंत मला कॉलवर जायचं नाही, कंट्रोल रूमला बसवलंय. फोन घ्यायचे, गाड्या पाठवायच्या. पहिले दोन दिवस सायरन वाजला की उठून उभा राहायचो.

धैर्यशीलचा करार सहा महिन्यांसाठी वाढला. लक्ष्मीकांतकडून कळलं. तो स्वतः माझ्याशी बोलत नाही. जिन्यात समोर आला तर बाजूला होऊन वाट देतो. पहिल्यांदा वाटलं, दिवसभराचं असेल. आता वाटतं, असंच राहील. मी खरं सांगितलं म्हणून तो माझं काही देणं लागत नाही, हे डोक्याला कळतं. तरी जिन्यात पावलं वाजली की बघतो.

मॅडमचे सहा आठवडे संपले. मी मात्र दर मंगळवारी त्यांच्याकडे जातो, घडियाळी पोळात वरच्या मजल्यावर. बहुतेक वेळ गप्प बसतो. मागच्या वेळी बसल्या बसल्या डोळा लागला, पाऊण तास. त्यांनी उठवलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

तीन चाळीसला कॉल. सावली रोडचा कॅनॉल. म्हशी धुताना एक म्हातारा वाहून गेला. गाडी मीच पाठवली.

मग वायरलेसवर बसून राहिलो. लक्ष्मीकांत बोलत होता. "डायव्हर तैयार." मग काही नाही. मग, "डायव्हर उतर्यो. धैर्यशील." मी वेळ लिहिली, सोळा दहा.

दोर लक्ष्मीकांतने धरला होता. एकवीस मिनिटांत तीनदा उतरला. म्हातारा जिवंत नाही मिळाला. पण मिळाला. घरच्यांच्या स्वाधीन केला.

वायरलेस बंद झाल्यावर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो होतो. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, चा पियो." प्यायलो.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी चारच्या सुमारास कंट्रोल रूमचं दार उघडलं. धैर्यशील. हातात १७ तारखेच्या कॉलचा कागद होता, तो टेबलावर ठेवला. मी सही केली. तो गेला नाही.

मी म्हटलं, "बस."

बसला. म्हणाला, "मुलगी झाली. शनिवारी."

"बरं झालं. मृदुला बरी?"

"बरी आहे." मग थोड्या वेळाने, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"हं."

"मॅडम म्हणाल्या, केलंच पाहिजे असं नाही."

"बरोबर म्हणाल्या."

"दोर तुमच्याकडे परत देणार नाही मी. चौकशीत तुम्ही सुटलात तरी."

"नको देऊस."

तो खुर्चीत मागे टेकला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "ते जयवंतराव कसे होते?"

मला कळलंच नाही काय विचारतोय. ते कसे गेले ते मी खोलीत सांगितलं होतं. चौकशीतही सांगितलं. कसे होते ते एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, लबाड होते. पत्ते लपवायचे. नवीन भरती झालेल्याला पहिल्या पगारात सेव-उसळ खायला घालायला लावायचे आणि तिखट तर्री त्याच्याच ताटात ओतायचे. आवाज एवढा मोठा की रावपुऱ्यात बोलले तर मांडवीला ऐकू जावं. बायकोला घाबरायचे. होजची गाठ मारताना जीभ बाहेर काढायचे, लहान मुलासारखी. एकदा आगीतून पोपटाचा पिंजरा घेऊन बाहेर आले आणि घरमालकाने सांगितलं, पोपट आमचा नाही, तर तो पोपट स्टेशनात दोन वर्षं राहिला, गुजरातीत शिव्या द्यायचा.

धैर्यशील हसला. मलाही हसू आलं, मग बोलता येईना, थांबलो. तो वाट बघत बसला.

सव्वापाचला फोन वाजला. मांजलपूरला दुकानात शॉर्टसर्किट. मी पत्ता लिहून घेतला, गाडी सोडली. तो उठून टोपी घालत होता.

म्हटलं, "पोपटाचं पुढे काय झालं ते राहिलं. उद्या सांगतो."

"उद्या माझी सुट्टी आहे," तो म्हणाला. "परवा."